दाबलं की शून्य

लातूरच्या एमआयडीसीत, डाळमिलच्या मागच्या दाराशी,
पोती उतरवायच्या फळीजवळ
मी एक लाल बटण बसवलं.
त्याच्या दोन वायरी, वायरींच्या टोकाला
तळहाताएवढा बोर्ड,
बोर्डावर जुन्या डब्याचं झाकण,
कारण तुरीची धूळ कुठंही शिरते,
कानात, चहात. कोडमध्येसुद्धा शिरेल.

पहिल्या दिवशी पिन तशीच मोकळी सोडलेली.
कुणी हात न लावताच आकडा पळत सुटला.
पंखा सुरू झाला, एक पोतं.
चाळणी थांबली, चार पोती.
मोकळी पिन कशालाही हो म्हणते.
मग एका ओळीत तिला वरच्या व्होल्टेजला बांधलं.
आता हिशेब उलटा:
सोडलं की एक, दाबलं की शून्य.
मुकादम म्हणाला, शून्य कसं? पोतं तर आलं ना?
म्हटलं, ह्याला खाली पडलेलंच कळतं.

तरीही एका दाबण्याची सात-सात पोती.
आत पत्रा पत्र्याला टेकतो
तो एका झटक्यात टेकत नाही,
उडतो, टेकतो, पुन्हा उडतो,
फरशीवर सांडलेल्या चिंचोक्यासारखा.
आपल्याला एकच टक् ऐकू येतं.
बोर्डाचे कान फार तिखट.
उपाय सोपा: पहिल्या टकनंतर
त्याला जरा वेळ बहिरं करायचं.
किती वेळ, ते लिहिणाऱ्यानं ठरवायचं.
चांगल्या बटणाला वीस मिलिसेकंद पुरतात.
हे गंजगोलाईतून तीस रुपयांत आणलेलं.
मी दोन हजार लिहिले.
दोन सेकंद.
भूक लागली होती.

हप्त्याच्या दिवशी
बोर्ड म्हणाला, तीनशे सत्त्याण्णव.
चाँदपाशा म्हणाले, चारशे बारा.
मुकादम हसला: मशीन कशाला खोटं बोलंल?
चाँदपाशांनी कमरेची पिशवी फळीवर उपडी केली.
पोत्यामागं एक चिंचोका,
उजव्या खिशातून पिशवीत.
मोज बाई, म्हणाले. आवाज चढवला नाही.
मी मोजले. दोनदा. तिसऱ्यांदा मुकादमानं मोजले.

पंधरा पोत्यांची हमाली
माझ्या एका आकड्यात अडकली होती.

दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून नुसतं बघत राहिले.
ट्रक उभा, पाठीवर क्विंटल,
पुढं चाँदपाशा, मागं अंगद.
एक पोतं टाकतो, बटणावर थाप मारून सरकतो,
त्याची पाठ हलते न हलते तोच दुसऱ्याची थाप.
मधे एखादा श्वास.
अंगद थाप मारतो तेव्हा
माझा बोर्ड बहिराच असतो.
दमून पाय ओढत आले की दोघेही मोजले जातात.
उरकायला म्हणून भरभर आले
की एक गायब.

रात्री मिल बंद झाल्यावर लॅपटॉप पोत्यांवर ठेवून बसले.
वॉचमननं विचारलं, एवढ्या रातच्याला काय करूलालीस?
म्हटलं, बटण शिकवूलालेय.
दोन हजार पुसले.
आता थाप पडली की मोजायचं,
हात उचलला जाईपर्यंत थांबायचं,
वीस मिलिसेकंद सगळं शांत राहू द्यायचं,
आणि लगेच पुढच्यासाठी जागं व्हायचं.
त्या ओळीच्या डोक्यावर, फक्त माझ्यासाठी, लिहिलं:
अंगद चाँदपाशांच्या मागोमाग येतो.
बटणही बदललं. एकशे ऐंशीचं. बिल कुणाला दिलं नाही.

पुढच्या हप्त्याला दोन्ही आकडे जुळले.
मुकादम वहीत लिहून घेत होता,
मागचे पंधरा वेगळे, पेन्सिलीनं.
चाँदपाशा चिंचोके पुन्हा खिशात भरू लागले.
म्हटलं, काका, आता कशाला?
ते म्हणाले, असू दे की.
आणि नव्या बटणावर उगाच एकदा थाप मारली.
आकडा एकानं पुढं गेला.
तो खोडायला मला
पुन्हा लॅपटॉप उघडावा लागला.